मध्यंतरानंतरचा खेळ

वेंडेल क्रूपाविषयी त्याच्या धंद्यातले लोक जे सांगतात, त्यातले निम्मे तरी मीठमसाला लावलेले असते. नुसत्या चालीवरून तो खेळाडूच्या गुडघ्याचे वय ओळखतो, हे खोटे. पुढे नावारूपाला आलेल्या एका खेळाडूला त्याने पेट्रोल पंपावर हेरले, हेही खोटे. तो मुलगा पंपाशेजारच्या चर्चच्या आवारात खेळत होता आणि त्याला आधी पाहिले होते ते दुसऱ्याच कुणीतरी. एक गोष्ट मात्र खरी आहे आणि तिला साक्षीदारही भरपूर आहेत. जो खेळाडू क्रूपाला मनापासून आवडे, त्याचा सामना तो मध्यंतरापर्यंतच पाही.

यामागे कारण होते. मोठ्या संघात कुणाचा घोटा मुरगळला, कुणाची पाठ धरली, की दुय्यम लीगमधल्या एखाद्या आडगावच्या संघातून एक माणूस दहा दिवसांच्या करारावर उचलायचा, ही बास्केटबॉलमधली रीत. त्या दहा दिवसांत तो टिकला तर टिकला. अशा माणसावर पहिला हात कुणाचा पडतो, यावर खेळाडू हेरणाऱ्या पारख्यांची नोकरी चालते. त्यामुळे हे पारखी मैदानाकडे पाहतात त्याहून जास्त एकमेकांकडे पाहतात. कोण कुणाच्या खेळीला पुढे झुकला, कुणी फोन काढला, कुणाचे पॉपकॉर्न तसेच राहिले. क्रूपाने यावर आपला उपाय शोधला होता. चारपैकी पहिली दोन सत्रे संपली की तो तोंडभर जांभई देई, कोट चढवी आणि निघून जाई. इथे काही अर्थ नाही, असे बाकीचे समजत. काही वर्षांनी ही युक्ती सगळ्यांना कळली, तेव्हा तो न आवडलेल्या खेळाडूंच्या सामन्यांतूनही अधूनमधून उठू लागला. मग पुन्हा कुणालाच काही कळेनासे झाले, आणि याचा त्याला अभिमान होता.

तो आयोवातल्या चेक वस्तीत वाढला. शाळेच्या संघातून खेळला, मग शाळेतच खेळ शिकवला, आणि पस्तिशी उलटल्यावर एका मोठ्या संघासाठी गावोगाव हिंडू लागला. कोटाच्या खिशात कागदात गुंडाळलेला खसखशीचा कोलाच, हा चेक लोकांचा गोड पाव, असे; पाव चुरून जाई, तरी क्रूपा तो खाई. साठी उलटल्यावर त्याच्या संघाच्या कचेरीत संगणकावर आकडे मांडणारी तरुण मंडळी आली. त्यांनी क्रूपाला नाकारले नाही. ती फक्त त्याला नम्रपणे वागवू लागली, आणि क्रूपा त्या नम्रतेला भिऊ लागला.

फेब्रुवारीत त्याने वॉकर फॉल्सच्या संघातल्या मार्कीस गॅडसनचे नाव कळवले. लांब हातांचा, बचावात चिकट, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाऱ्यासारखा धावणारा मुलगा. क्रूपाने त्याला तीनदा पाहिले होते आणि तिन्ही वेळा जांभई देऊन उठला होता. कचेरीतल्या ब्रेननने, त्याच्या वरिष्ठाने, फोन केला.

"गॅडसन उद्या दुपारच्या विमानानं येतोय. सकाळी त्यांचा सामना आहे ना? एकदा नजर टाक आणि हो म्हण. बाकी सगळं ठरलंय."

"तीनदा म्हटलंय की."

"चौथ्यांदा म्हण. मला झोप लागेल."

तो सामना शाळकरी मुलांसाठी होता. या लीगमध्ये वर्षातून एकदा असा सामना सकाळीच ठेवतात; जिल्ह्यातल्या शाळांच्या पिवळ्या बसगाड्या येतात आणि सबंध सभागृह नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी भरून जाते. चेंडू जाळीत पडो न पडो, किंकाळ्या थांबत नाहीत. पंचांची शिट्टी ऐकू येत नाही. संघाचा बैलाचा मुखवटा घातलेला माणूस पायऱ्यांवरून नाचत फिरतो. पारख्यांना हा दिवस नकोसा वाटतो, कारण कानांचा काही उपयोग उरत नाही.

मध्यंतर झाले. गॅडसन सुरेख खेळला होता. क्रूपाने जांभई दिली, कोट चढवला आणि तो दरवाजाकडे गेला. दरवाजावरच्या रखवालदाराने बाहेर बोट दाखवले. बर्फाचे वादळ शहरापर्यंत पोचले होते. महामार्ग बंद केला होता आणि बसगाड्याही थांबवून ठेवल्या होत्या. क्रूपा परत येऊन आपल्या जागी बसला.

दोन खुर्च्या सोडून आर्ट पेल्झर होता. दुसऱ्या एका मोठ्या संघाचा पारखी. क्रूपाशी त्याचे वीस वर्षांचे भांडण आणि तितकीच जुनी दोस्ती.

"अरे, परत आलास?" पेल्झर ओरडला, ओरडल्याशिवाय ऐकू येणे शक्यच नव्हते. "म्हणजे पोरगा आवडला नाही म्हणायचा!"

"रस्ता बंद आहे."

"हो, हो. रस्ता बंद. मी काल जन्मलोय का?"

क्रूपाने कोलाच काढला आणि त्याचा एक तुकडा तोंडात टाकला. तिसरे सत्र सुरू झाले. गॅडसन पहिल्यापेक्षाही जोरात पळत होता. एक लांब धाव झाली, पंचांनी खेळ थांबवला, आणि गॅडसन वाकून बुटाची नाडी बांधू लागला. यात नवल नव्हते. दम खायला खेळाडू नाडी बांधतात, हे प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक असते. पुढच्या लांब धावेनंतर तो पुन्हा वाकला. त्यानंतर पुन्हा.

क्रूपाने दुर्बीण काढली. नाडीला दुहेरी गाठ होती, घट्ट. गॅडसनची बोटे काहीच बांधत नव्हती. त्याने फक्त बूट धरून ठेवला होता, पाण्यात पडलेला माणूस होडीची कड धरतो तसा. उठताना त्याचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते.

क्रूपाच्या तोंडातला तुकडा तसाच राहिला. हे त्याने पूर्वी पाहिले होते. शाळेच्या संघात त्याच्याबरोबर लेलंड वाव्रा नावाचा मुलगा होता. तो सबंध हिवाळाभर असाच वाकत असे. बाकीच्यांनी त्याची इतकी टर उडवली की वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून त्याला बुटाच्या नाड्यांची नवी जोडी भेट दिली. त्याच नाड्या घालून तो मार्च महिन्यात एकदा वाकला आणि उठला नाही.

दुसरे कारण असू शकत होते. सर्दी, पोटऱ्यांचे पेटके, रात्रीची अपुरी झोप, किंवा नुसता आळस. क्रूपाने प्रत्येक शक्यता मनात तपासून पाहिली आणि प्रत्येकीला थोडी जागा दिली. दुर्बिणीतून एवढ्या अंतरावरचा ओठांचा रंग हा काही पुरावा नव्हे. मग एक विचार आला, आणि त्यापुढे बाकीचे उभे राहू शकले नाहीत: तीन सामन्यांत त्याने या मुलाला एकदाही दमलेले पाहिले नव्हते. पाहणार कसा? दम लागण्याआधीच तो कोट चढवून निघून जात होता.

तो पायऱ्या उतरू लागला. दोन्ही बाजूंनी मुले उड्या मारत होती. एकीने त्याच्या हातात प्रेक्षक हलवतात तसला फोमचा भला मोठा पंजा कोंबला आणि तो तसाच घेऊन क्रूपा खाली पोचला. दुसऱ्या संघाच्या बाकाजवळ जाणे, त्यांच्या खेळाडूविषयी बोलणे, हे पारख्याला वर्ज्य असते. नोकरी जाण्याइतके वर्ज्य. बाकाच्या टोकाला टेस लिंडक्विस्ट, त्या संघाची फिजिओ, कुणाच्या तरी बोटांना पट्टी बांधत होती.

"मिस्टर क्रूपा! इथं यायचं नसतं तुम्ही."

"गॅडसनला बाहेर काढ. त्याच्या छातीचे ठोके बघ. आत्ता."

टेसने आधी त्याच्याकडे आणि मग त्या फोमच्या पंजाकडे पाहिले. तिला हसू आले. "वा, हे नवीन आहे. आज वर चार संघांची माणसं बसलीत, आणि तुम्हाला तो बाकावर हवाय. जांभया देऊन कंटाळलात वाटतं?"

"थट्टा नाही करत आहे मी."

"तुम्ही कधीच करत नाही. म्हणून तर सगळे फसतात. कालच तपासलंय मी त्याला. ठणठणीत आहे."

"बसलेला असताना तपासलंस?"

"मग काय, त्याच्यामागे पळत तपासू? जा हो तुम्ही. प्रशिक्षकांनी पाहिलं तर दोघांचीही फजिती."

ती पुन्हा पट्टीकडे वळली. आयुष्यभर त्याने जी विद्या जोपासली होती, आपल्या चेहऱ्यावर कुणाचाही विश्वास बसू नये ही विद्या, ती आज पुरेपूर फळाला आली होती. मैदानावर गॅडसन पळत होता. क्रूपाने फोन काढून ब्रेननला लावला, आवाज मोठा केला आणि तो टेसच्या कानाजवळ धरला. मागे कुणीतरी येऊन उभे राहिले. तो पेल्झर होता. पारखी बाकाजवळ उतरला म्हणजे काहीतरी मोठे असणार, म्हणून तोही मागोमाग आला होता. क्रूपाने त्याला हाकलले नाही.

"हं, बोल," ब्रेनन म्हणाला. "तिकीट निघालंय."

"रद्द कर. गॅडसनला माझा नकार आहे."

"काय? तीनदा हो म्हणालास तू!"

"तीनदा अर्धाच पाहिला. दुसरा अर्धा आज पाहतोय. त्याच्या छातीत काहीतरी गडबड आहे, असं मला वाटतंय. डॉक्टरांनी बघितल्याशिवाय त्याला कुणीही घेऊ नये. पेल्झर इथंच उभा आहे, तोही ऐकतोय."

ब्रेननने आवाज खाली आणला. "वेंडेल, हे मी ऐकलंच नाही असं समजू का?"

"नाही. ऐकलंयस."

टेसच्या चेहऱ्यावरचे हसू केव्हाच गेले होते. ती धावत प्रशिक्षकाकडे गेली, त्याच्या कानात काही बोलली. त्याने मैदानावरची नजर न हलवता एक बोट वर केले: पुढच्या वेळी खेळ थांबला की.

खेळ थांबला नाही. चेंडू इकडून तिकडे जात राहिला. कुणाचा नेम चुकला, दुसऱ्याने झेलला, पुन्हा सगळे उलट दिशेला पळाले. बदली करायची तर आधी खेळ थांबायला हवा, आणि तो थांबत नव्हता. गॅडसन समोरून गेला, परत आला, पुन्हा गेला. प्रत्येक वेळी क्रूपाला वाटे, आता. मुले गॅडसनचे नाव घेऊन ओरडत होती. पेल्झरने क्रूपाच्या कोटाची बाही पकडली होती आणि त्याचे त्याला भान नव्हते.

"पडेल का रे?" पेल्झरने विचारले.

चेंडू एकदाचा रेषेबाहेर गेला. भोंगा वाजला. गॅडसन स्वतःच्या पायांनी चालत आला आणि धपकन बाकावर बसला.

"मी ठीक आहे. बूट बांधत होतो."

"बोलू नकोस," टेस म्हणाली. तिने दोन बोटे त्याच्या मानेवर ठेवली.

गॅडसनची नजर क्रूपावर गेली. "तुम्हीच ना ते? मध्यंतराला उठून जाणारे? माझा एजंट म्हणायचा, म्हातारा उठून गेला की काम झालं समज." त्याला श्वास पुरत नव्हता. "आज तुम्ही दारापर्यंत गेलात, मी पाहिलं. मग परत येऊन बसलात. म्हटलं, बिनसलं. म्हणून मग आणखी जोरात पळालो."

क्रूपाच्या हातातला पंजा खाली पडला.

"किती दिवसांपासून होतंय हे?" त्याने विचारले.

"नोव्हेंबरपासून, थँक्सगिव्हिंगच्या सणापासून. आधी कमी होतं."

"सांगितलं का नाहीस, पोरा?"

"कुणाला? सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात का?"

टेसने बोटे काढली नाहीत. तिने दुसऱ्या हाताने आपल्या मदतनिसाला जवळ ओढले. "डॉक्टरांना बोलाव. स्ट्रेचर आण. मागच्या बाजूनं आण, मुलांना दिसायला नको." तिचा आवाज शांत होता, म्हणूनच त्याची भीती वाटली.

गॅडसनलाही ती वाटली असावी. त्याने क्रूपाची बाही धरली, पेल्झरने धरली होती तीच. "यादीतून माझं नाव काढलंत का तुम्ही?"

"हो. मीच काढलं."

गॅडसनने हात सोडला आणि तोंड फिरवले.

बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या मागून रुग्णवाहिका इस्पितळात पोचली. दुसऱ्या दिवशी निदान समजले: हृदयाची भिंत जाड झालेली, ठोके मनमानी. जीव वाचला होता. खेळ संपला होता. ही बातमी क्रूपाला टेसने कळवली. गॅडसनने त्याचा फोन एकदाही उचलला नाही. ब्रेननने त्याला कामावरून काढले, असे काही जण सांगतात. ते खरे नाही. ब्रेनन पुढे त्याच्याशी अधिक नम्रपणे वागू लागला, इतकेच.

पण हे सगळे नंतरचे. त्या दिवशी सामना संपला, रस्ता मोकळा झाला, बसगाड्या निघाल्या. झाडूवाले खुर्च्यांखालचे पॉपकॉर्न गोळा करू लागले, तरी क्रूपा आपल्या जागेवरच बसून होता. जांभई देऊन ज्यांना त्याने मोठ्या संघांत पाठवले होते, त्यांची नावे त्याला एकामागून एक आठवत होती. त्यांतल्या एकाचाही चौथ्या सत्रातला चेहरा त्याला आठवेना. त्याने तो पाहिलाच नव्हता. त्याने फोन काढला आणि पहिल्या नावाला लावला. तो गडी आता लिथुआनियात खेळत होता. तिकडे रात्र झाली होती आणि मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"क्रूपा? तुम्ही? काय झालं, कुणी गेलं का?"

"नाही. एक विचारायचं होतं. लांब पळाल्यावर तुला कसं वाटतं?"

पलीकडून हसणे ऐकू आले. "हे काय विचारणं झालं, सर? दम लागतो, आणखी काय?"

"तसा दम नाही," क्रूपा म्हणाला. "नीट आठवून सांग."

हसणे थांबले. क्रूपाने फोन कानाशी घट्ट दाबला आणि तो उत्तराची वाट पाहू लागला.