किरकोळ वाद

“पडायला मी काय नारळ हाय?” मुरुडच्या एसटीची वाट बघताना कुणी ‘हात कसा मोडला, पडलीस का?’ विचारलं, की ती कोळीण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. “नवऱ्यानं मोडला.” विचारणारा लगेच दुसरीकडे बघायला लागायचा. आपल्याकडे मार खाणाऱ्या बायका ‘पडतात’, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ही पडायला तयार नव्हती.

दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दांडीवर वाळत टाकायला दोन हात लागतात. तिचं उजवं मनगट वाकडं जुळलेलं, तरी ती डाव्यानंच भराभर टाकायची. शाळेत शिकवायला जाताना मी रोज तिथूनच जायचे. “बाई, पोरांना मारू नका हां,” ती हसत ओरडायची, “मोठी झाली की बायकोवर काढतात!”

एकदा ती माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आली. “लिवा, दारू पिऊन लाथा घालतो. हात मोडला. पोरीवरबी धावतो.” मी मोठी शहाणी! सरकारी कागदावर असं बरं दिसत नाही, संसार मोडायला नको, म्हणून मी लिहिलं, ‘पतीसोबत किरकोळ कौटुंबिक वाद’. तिनं विश्वासानं अंगठा उठवला. चौकीत हवालदारानं अर्ज वाचला आणि म्हणाला, “घरातलं घरात मिटवा.” गावकीच्या पंचांनी तर तिलाच तासभर समजावलं.

यंदा शिमग्यात नवरा पोरीच्या अंगावर धावला, तेव्हा तिनं वल्हं उचलून त्याच्या डोक्यात घातलं. चार टाके पडले. अर्ध्या तासात पोलिसांची जीप आली आणि तिला घेऊन गेली. इतकी वर्षं कानात बोळे घालून बसलेले शेजारी साक्षीदार झाले, आणि कागदावर चढलं, ‘जीवे मारण्याचा प्रयत्न’. बाईचं रक्त सांडलं की संसार, पुरुषाचं सांडलं की गुन्हा! आठवलं की अजून डोक्यात जाळ होतो. तो आता टाके दाखवत नाक्यावर बसतो, आणि लोक त्याला चहा पाजतात.

तिला नेलं त्याच दिवशी मी तणतणत पोलीस ठाण्यात गेले. “वर्षानुवर्षं मारतोय तो हिला. हात बघा तिचा!”

साहेबांनी फाइलीतून जुना अर्ज काढला आणि मोठ्यानं वाचला. “किरकोळ कौटुंबिक वाद. अक्षर तुमचंच ना, मॅडम?”

ती तिथेच बाकावर बसली होती. तिला वाचता येत नाही. मी काय लिहिलं होतं, ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.