पिळलेलं फडकं

जेवणाच्या टेबलावर सकाळचं ऊन आलं की सासूबाईंना त्यावरची धूळ बघवत नाही. चकचकीत पॉलिशचं ते सागवानी टेबल त्या स्वतःच पुसायच्या. पण अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि फडकं माझ्याकडे आलं. त्या खुर्चीतून सांगायच्या, "घासू नकोस गं, चरे पडतील. आणि घट्ट पीळ, पाणी राहिलं की पॉलिशवर पांढरे डाग पडतात."

पुढे व्यायाम म्हणून त्या उजवा हात टेबलावर फिरवू लागल्या. फडकं पिळून मात्र मीच द्यायचे.

आज मी पुढे होण्याआधीच त्यांनी ते बादलीतून काढलं आणि दोन्ही हातांत धरलं. ओठ मिटले, उजवी बोटं थरथरली, आणि पाण्याची धार लागली.

"आई!" मी ओरडलेच.

"ओरडतेस काय? ओलं आहे का बघ."

फडकं जेमतेम दमट होतं.

मग त्या लाकडाच्या रेषेरेषेने पुसू लागल्या. हळुवारपणा म्हणजे जोर नसणं, असं आपण उगाच समजतो. हातात जोर नव्हता तेव्हा तोच हात टेबलावर आपटायचा, फरफटायचा. अलगद टेकायलाही ताकद लागते, आणि ती आज परत आली होती.

कोरड्या फडक्याने शेवटचा हात फिरवून त्या ताठ बसल्या. कपाळावर घाम होता. मी पाण्याचा पेला पुढे केला.

"नंतर," त्या म्हणाल्या. "आधी कपाट."