चौकोन कशाचा?

चंद्रकांता मेश्राम गणित शिकवताना आधी आकडे पुसतात. करडीजवळच्या एका लहान गावातल्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीचा वर्ग त्यांच्याकडे आहे. शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहायचं, आकड्यांवर डस्टर फिरवायचं आणि मुलांना चौकोन काढायला सांगायचं: कोणाकडे जास्त, कोणाकडे कमी. आकडे नंतर. ‘मिळून’ दिसलं की बेरीज करून मोकळं व्हायची मुलांची सवय त्यांना मोडायची आहे.

तेजराम यांना हे पटत नव्हतं. याच वर्गातली आपली मुलगी तृप्ती हिला दिवाळीनंतर भंडाऱ्याच्या इंग्रजी शाळेत घालायचं त्यांनी जवळपास ठरवलं होतं. तृप्तीला जायचं नव्हतं, बाईंना तिला सोडायचं नव्हतं. ते शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले तेव्हा तास सुरू होता.

“पोरगी चित्रं काढून राहिली मॅडम, गणित कवा करन?”

“बसा ना भाऊ. पाहा, मंग न्या.”

ते मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. उदाहरण होतं: ईश्वरकडे अमरच्या तिप्पट धान, दोघांचं मिळून अठ्ठेचाळीस पोती. “चौकोन म्हणजे बांधी समजा,” बाई म्हणाल्या. बांधांनी आखलेला धानाचा तुकडा म्हणजे बांधी. तृप्तीने फळ्यावर अमरला एक बांधी दिली, ईश्वरला तीन. अमरच्या बांधीत आठ लिहिले. ईश्वरच्या बांध्यांत दहा, बारा, अठरा. बेरीज अठ्ठेचाळीस, उत्तर चूक.

“सगळ्या सारख्या पाहिजेत.”

“बांध्या सारख्या कुठं रायतात, मॅडम?”

“पोरगी बरोबर बोलून राहिली,” मागून तेजराम म्हणाले. “आमची खालची बांधी वरच्या बांधीच्या दुप्पट हाये.”

वर्ग हसला, बाईही हसल्या. “मंग सारखं काय असते?”

“पायली,” तृप्ती म्हणाली. “धान मोजाचं माप. कोणाच्याबी घरी तेवढीच.”

बाईंनी चार सारख्या पायल्या काढल्या. “एका मापात किती पोती?”

“बारा.”

“एवढी मोठी पायली!” निकेश ओरडला. तृप्तीने त्याच्याकडे न बघता ईश्वरपुढे छत्तीस लिहिले.

तेजराम उठले नाहीत. “आता ईश्वरनं अमरले थोडी पोती देली अन् दोघांचं सारखं झालं. किती देली?” विचारून ते स्वतःच बोटांवर मोजू लागले.

तृप्तीने ईश्वरची एक पायली पुसून अमरकडे काढली. “बारा. कायले मोजता, बाबा?”

दाखल्याचा विषय त्यांनी काढला नाही. “खिचडी खाऊन घे,” एवढं तृप्तीला सांगून गेले.

दिवाळीनंतर तृप्ती पहिल्याच बाकावर होती. बाई आता खडू उचलण्याआधी वर्गाला विचारतात, चौकोन कशाचा काढू?