तलावाखालची नदी

प्रमोदचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात पोषण आहाराचे तांदूळ उतरवून घेत होते. "शोभाताई, बाई गेली वो," एवढंच तो बोलला. मग बराच वेळ फोनवर नागपूरच्या दवाखान्याच्या जिन्यातली वर्दळ तेवढी ऐकू येत राहिली. प्रमोद हा शालूचा धाकटा भाऊ. तो जिला बाई म्हणायचा ती शालू, माझी आंधळगावची बालमैत्रीण, तलावांच्या गाळाचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेली भूवैज्ञानिक. तिचा कर्करोग हाताबाहेर गेला आहे हे आम्हाला ठाऊक होतं. तरी एका पोत्यावर हात ठेवून मी तशीच उभी राहिले... बाकीची पोती कुणी उतरवली, मला सांगता यायचं नाही.

आमच्या घरी माग, तिच्या घरी थोडी धानाची शेती आणि वडिलांची वरठीच्या स्टेशनातली नोकरी. ते सायकलनं जायचे आणि कोळशाचा वास अंगावर घेऊन परत यायचे. गोंदिया वेगळा होऊन आमचा भंडारा जिल्हा लहान झाला, त्या सुमारास आम्ही दोघी कॉलेजात होतो. मी डी.एड. करून इथेच राहिले. शालू नागपूरला, आणि तिथून दूरच्या एका संशोधन संस्थेत गेली. मुलगी मातीचं शिकायला एवढ्या लांब गेली याचं गावाला हसू यायचं. तिच्या आईला मात्र कुणी विचारलं की ती ताठ मानेनं सांगायची, "जमिनीची डॉक्टर हाये माही पोरगी."

ती पहिल्यांदा गावच्या तलावातून गाळ काढायला आली तो उन्हाळा मला लख्ख आठवतो. तिच्यासोबत संस्थेतले दोघं होते. डोंग्यात, लहान होडीत, बसून त्यांनी प्लास्टिकचा लांब पाइप तळात दाबत दाबत खाली नेला आणि वर ओढला, तेव्हा आत मातीची एक अखंड कांडी होती. संध्याकाळी तिच्या अंगणात तिनं ती उभी चिरली. वर तपकिरी गाळ, त्याखाली डांबरासारखी काळी माती आणि अगदी बुडाशी रेती. त्या रेतीतला एक गुळगुळीत गोटा तिनं माझ्या हातावर ठेवला.

"हा तलावातला नाही वो, शोभा. वाहत्या पान्यानं गोल केला याले. तलाव बांधायच्या कितीतरी आधी इथून नदी जात होती."

त्या नदीनं वाट बदलली, जुन्या पात्रात दलदल झाली, पानं, गवत, झाडांची मुळं त्यात पडत गेली. हवा न लागल्यानं ती पुरती कुजली नाहीत. पुढं कुणीतरी त्याच खोलगट जागी पाळ घालून पाणी अडवलं, आणि दलदल तलावाच्या गाळाखाली झाकली गेली. हवेतला कार्बन झाडांनी घेतला होता, तो असा त्या काळ्या थरात बंद होऊन पडला होता. माती उकरून उन्हात पसरली की तो पुन्हा हवेत जाणार. झाडीपट्टीतल्या एवढ्या तलावांच्या पोटात असं किती साठलंय, याचा हिशेब कुणी केलेलाच नाही, असं ती म्हणायची. तो तिला करायचा होता, आणि सुरुवात आपल्या गावापासून.

त्यानंतर काही वर्षांनी तलावातला गाळ काढायचं ठरलं. गावाची गरज खरीच होती. तलाव उथळ झाला होता, धान निसवायच्या वेळी पाणी पुरत नव्हतं, आणि गाळ टाकला की बांधी, म्हणजे धानाचं शेत, सुधारते हे सगळ्यांना माहीत होतं. शालू रजा काढून ग्रामसभेला आली. तेव्हाच ती वाळलेली दिसत होती, पण प्रवासाचा शीण म्हणून मी सोडून दिलं. तिनं उभं राहून सगळं नीट समजावलं. मागून कुणीतरी विचारलं, "त्या कार्बननं धान पिकते काय, शालूबाई?" सभा हसली. तीही हसली. मग प्रमोद उठला. बहिणीकडे न बघता म्हणाला, "बाईचं बरोबर असन. पन मले गाळ पाह्यजे. माह्या बांधीत आता काही राह्यलं नाही."

"वरचा ने ना," शालू म्हणाली. "मी कोठी नाही म्हनून राहिली? खालची कारी माती तेवढी सोडा. एवढंच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पण यंत्रं आली आणि काळी माती दिसू लागली, तेव्हा ट्रॅक्टरांची रांग थांबेना. तिच्याएवढी कसदार माती गावानं पाहिलीच नव्हती. शालू तेव्हा पहिल्या उपचारांसाठी दवाखान्यात होती. तिला कळेपर्यंत मधोमध पांढरी रेती उघडी पडली होती.

मी तिच्यासोबत पाळीवर गेले होते. औषधांनी गेलेले केस झाकायला तिनं ओढणी बांधलेली. ती खाली उतरून रेतीतून चालत राहिली, मधेच वाकून गोटे चाचपत. परत आल्यावर मी म्हटलं, "रागाव तरी कोनावर."

"कोनावर रागावू? भुकेच्या जमिनीले माती भेटली." मग हाताची रेती झटकत म्हणाली, "खोदायच्या आधी मले एक उन्हाळा पाह्यजे होता वो. एकच..."

पाळीच्या कडेला, यंत्र पोचलं नव्हतं तिथं, काळ्या थराची एक चिंचोळी पट्टी शिल्लक होती. धाप लागत असतानाही तिनं तिथं पाइप घातले. पाइप दाबायला प्रमोद होता. नाकाडोंगरीकडच्या जंगलातले तलावही तिला तपासायचे होते, पण एकदाच जाणं झालं. एका कडेवरून अख्खा तलाव कळत नाही, हे तीच सांगायची. तिचा लेख त्यामुळे अपुरा राहिला.

त्या वर्षी प्रमोदच्या बांधीत धान जोरात आलं. नव्या तांदळाचा भात त्यानं बहिणीला वाढला तेव्हा मी तिथंच होते. तिला अन्न जात नव्हतं. तरी चार घास खाऊन तिनं म्हटलं, "गोड हाये रे." तो आपलं ताट तसंच ठेवून बाहेर निघून गेला.

आमची शेवटची भेट दवाखान्यात. बोलताना तिला दम लागायचा. मी शाळेच्या गोष्टी सांगत होते, ती खिडकीकडे बघत होती. मधेच म्हणाली, "नदी होती तिथं. आता कोनी मानन काय?" मी हो म्हटलं. तिला ते पटलं असं वाटलं नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, मी तिच्या खोलीत गेले. पलंगाची गादी गुंडाळलेली, आणि भिंतीला लागून एक जुना उभा फ्रिज घरघरत होता. प्रमोदनं दार उघडून दाखवलं. कप्पे काढून टाकलेले, आणि आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या काळ्या मातीच्या कांड्या उभ्या. गरम झाल्या तर वाळून तडकतात, म्हणून शालूनं तो मुद्दाम भंडाऱ्याहून आणवला होता. संस्थेची माणसं न्यायला येऊ म्हणाली होती. अजून आलेली नाहीत... कदाचित येणारही नाहीत. लाइट गेली की प्रमोद ओल्या गोणपाटानं फ्रिज झाकतो आणि वीज येईपर्यंत तिथंच बसतो.

"किती दिवस ठेवशील रे?" मी विचारलं.

"मले काय समजते त्यातलं, ताई. बाकीची माती तर मीच बांधीत नेऊन टाकली," तो म्हणाला, आणि थंडी बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं घाईनं दार लावून घेतलं.