आबासाहेबांनी दुकान वाढवलं

आबासाहेब शिर्के माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, डोक्याकडे बघत. बडोद्याच्या रावपुऱ्यात त्यांचं टोप्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत त्याचं माप नजरेनंच घेऊन झालेलं असे. नावं मात्र लक्षात राहत नसत. "काल तो साडेबावीस येऊन गेला. त्याचा साडू वारला म्हणे, तो तेवीस." मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, "एकवीस. वडील बावीस होते. घराणं उतरतंय."

त्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. "आजोबांनी डोकी उडवली, मी झाकतोय. पाप फेडतोय," हे वाक्य प्रत्येक नव्या माणसाला ऐकावंच लागे. माझ्या घराण्यात सात पिढ्या अर्ज लिहिण्यात गेलेल्या. फतेगंजच्या कचेरीत चिकटल्यावर मी रोज सकाळी बस येईपर्यंत त्यांच्या बाकावर बसे, त्यांचाच चहा पिई आणि टोपी कधीही घेत नसे. घेत तरी कोण होतं? बडोद्यातली पोरं केसांचे कोंबडे काढून हिंडत होती. "लोकांना डोकी दाखवायची हौस आलीय," आबासाहेब म्हणत. "आतलं दिसत नाही ते बरं."

एक दिवस हळूच म्हणाले, "शनिवारी दुकान वाढवतोय. कोणाला सांगू नकोस. बाजाराची तोंडं मला ठाऊक आहेत."

आता, दुकान 'बंद केलं' असं व्यापारी म्हणत नाही. अशुभ! तो दुकान 'वाढवतो'. हे रावपुऱ्यातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. मी पडलो मराठीचा पदवीधर. मला वाटलं, शेजारचा गाळा घेतला, दृष्ट लागायला घाबरतायत. शनिवारी हार, किलोभर पेढे आणि पेंटरकडून गुजरातीत रंगवून घेतलेला कापडी फलक घेऊन पोहोचलो. 'दुकान मोठं झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' शब्द दिल्याप्रमाणे सांगितलं कोणालाच नाही. फलक दारावर टांगला.

मग आत गेलो. फळ्या रिकाम्या. उरल्यासुरल्या टोप्या एका खोक्यात. आबासाहेब पाठमोरे उभे राहून पंच्यानं डोळे पुसत होते. बाजार कीव करायला यायच्या आत त्यांना मुकाट्यानं निघून जायचं होतं.

मी फलक काढायला धावलो, पण समोरचे घड्याळवाले जयंतीभाई पायरी चढलेच होते, मागे सात-आठ जण. "वाह आबासाहेब! छानामाना बाजूनी दुकान लई लीधी?" गुपचूप शेजारचं दुकान घेतलं, असंच त्यांनाही वाटलं.

आबासाहेबांनी बाहेर डोकावून फलक वाचला. माझ्या कानाशी पुटपुटले, "गाढवा, वाढवलं म्हणजे मिटवलं!" आणि वळून खणखणीत आवाजात, "हा भाई हा! पेंडा खाओ!"

पुढचा तासभर ते माझा हार घालून गादीवर ताठ बसले होते. येईल त्याच्या हातात पेढा, डोक्यावर खोक्यातली टोपी, अचूक मापाची. एकाची पाठ थोपटली, दुसऱ्याला "उद्घाटनाला वहिनींनाही आणा" म्हणाले. कीव करायला कोणाला सवडच मिळाली नाही.

खोकं रिकामं झालं, लोक पांगले. टोप्या घातलेली आठ-दहा डोकी रस्त्यानं ऐटीत चालली होती. कुलूप लावता लावता आबासाहेब त्यांच्याकडे बघत राहिले.

"जन्मभर टोप्या विकल्या रे," ते म्हणाले. "घातल्या आजच."