कोल्ड रूममधली चिकाची किटली

मंडळी, डोक्याला पाच टाके घेऊन लिहितोय.

कामथडीला माझी कोल्ड रूम आहे. सोयाबीनचं पनीर, शेंगदाण्याचं दही असा सेंद्रिय माल मी पुण्यातल्या दुकानांना घाऊक देतो. त्यात दुधाचा थेंबही नसतो.

सकाळी दार उघडलं तर दह्याच्या क्रेटवर चिकाची किटली. माझ्या चुलत्यांची, तात्यांची म्हैस काल व्याली. चीक घरोघरी वाटायचा म्हणून त्यांनी तो थंडाव्याला ठेवलेला. झाकण सैल होतं, चीक सगळ्या क्रेटांत झिरपला होता.

माझं टाळकं फिरलं. किटली उचलून अंगणात भिरकावली.

चीक पायदळी गेला की म्हैस आटते, असं आमच्याकडं मानतात. तात्यांनी हाताला आलेला पाइप माझ्या डोक्यात घातला. रक्त डोळ्यांत उतरलं. मी त्यांची गचांडी धरून त्यांना दोनदा दारावर आपटलं. बायको मधे पडली नसती तर मी गळाच दाबला असता.

"तात्या, दुधाच्या थेंबानं काही पोरांचा गळा सुजतो, श्वास अडकतो. त्यांच्यासाठी हाय हा माल," मी ओरडलो.

तात्या धापा टाकत खाली बसले. "आरं, मग आदी सांगायचं न्हाई व्हय? म्या किटली आत नेली असती का?"

दोन वर्षं मी घरात नुसतं 'थंड माल' म्हणत आलो. बिनदुधाचं दही म्हटलं तर हसतील म्हणून.

आत्ता तात्यांच्या घरातून संध्याकाळी काढलेल्या चिकाच्या खरवसाचा वास येतोय. दरवेळी पहिली वाटी आमच्याकडं येते, आज अजून आली नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर हे फुटकं डोकं घेऊन ती मागायला गेला असता का?