हळद लावलेलं ग्रिओ

खालच्या मजल्यावरच्या बाईवर मी जवळजवळ वर्षभर जळले. ती हैतीची, एका वृद्धाश्रमात नर्स होती. आम्ही नागपूरहून जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आलो त्याला तेव्हा सहाच महिने झाले होते. युरो अजून नवा होता. नवरा इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करायचा आणि मी घरी बसून जर्मन शिकायचे.

एका शनिवारी यांनी तिचं कपाट घरात न्यायला हात लावला. तिनं ताटलीभर ग्रिओ दिलं. म्हणजे डुकराच्या मटणाचे आंबट-तिखटात मुरवून, शिजवून मग तळलेले तुकडे, आणि बाजूला व्हिनेगरमधला झणझणीत कोबी. या माणसाला वर येण्याइतकाही धीर नव्हता, जिन्यातच उभ्यानं खाल्लं. वर आले तेव्हा बोटं चाटत होते. दहा वर्षांच्या संसारात माझ्या स्वयंपाकावर यांनी बोटं चाटलेली मला आठवत नाहीत. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

आमच्या घरात डुकराचं मटण येत नसे, आणि तो नियम माझा होता. माझे वडील शिक्षक. "लोक आपल्याला यावरूनच नावं ठेवतात," असं म्हणून त्यांनी ते सोडलं होतं. यांच्या घरी मात्र आवडीनं व्हायचं. लग्न झाल्यावर मी यांना सोडायला लावलं. यांनी कुरकुर केली नाही, तेव्हा मला वाटलं, विसरले.

त्यानंतर खालून तळणीचा वास आला की हे पुस्तकातून मान वर करायचे. मी पोळ्या लाटता लाटता बघायचे आणि पोळीचा पार नकाशा व्हायचा. ती बाई दिसायला चांगली होती, हसायची मोठ्यानं. पण मला राग त्याचा नव्हता. माझ्या नवऱ्याला काय आवडतं हे तिला एका ताटलीत कळलं होतं, त्याचा होता.

शेवटी म्हटलं, नियम गेला खड्ड्यात. मी खाली जाऊन कृती विचारली. चेहऱ्यावर भाव असा, की सहज विचारतेय.

"आल्झो, हे बघ, आधी शिजवायचं, मग तळायचं. उलटं नाही!" ती म्हणाली आणि स्वतःजवळच्या चार मिरच्या माझ्या हातात कोंबल्या. काही लपवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

शनिवारी मटण आणलं, धुतलं, आणि मी काय करतेय हे कळायच्या आत हळद-मीठ चोळूनही झालं. मटण म्हटलं की हात तिकडेच जातो. पुन्हा धुतलं, पिवळेपणा हटेना. मग तसंच संत्र्या-लिंबाच्या रसात, लसूण-मिरचीत रात्रभर मुरवलं. रविवारी दुपारी शिजवून तळलं आणि यांच्यापुढे ठेवलं.

यांनी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. मी समोर उभी.

"तिच्यासारखं झालंय?" शेवटी मीच विचारलं.

"नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात हे म्हणाले, "हळद लावलीस ना? आई लावायची."

सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. मी खूश होऊन आणखी वाढायला गेले, तर यांनी ताटावर हात आडवा धरला.

"दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तिनं तुझ्याकडे मागितलं होतं," हे म्हणाले. "एकदाच."

आवाजात राग नव्हता. मला आठवलं. मी त्यांना म्हणाले होते, "आई, माझ्या घरात ते शिजणार नाही," आणि त्यांना मुगाची खिचडी दिली होती. त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली होती.

हे उठून हात धुवायला गेले. खालच्या बाईकडे तर कुणी काही मागितलंही नव्हतं.